राजाच्या घरातून आवाज देत नाहीत

उन्हाळ्याच्या सुट्टीत पप्पा ऑफिसातून यायचे, चहा प्यायचे आणि मधल्या खोलीत जाऊन गर्जना करायचे. तेवढ्यात मी धावत जाऊन कूलरचं बटण शेवटपर्यंत फिरवायचे. बदनापूरच्या आमच्या कॉलनीत भिंतीला भिंत लागलेली. शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी आमच्याच ओट्यावर वाजल्यासारखी ऐकू यायची, मग पप्पांची गर्जना कुणाकुणाच्या घरात शिरत असेल या विचारानं माझे कान तापायचे. स्टेशनातून जालन्याकडची गाडी निघाली की तेवढा वेळ सुटका. ते कुरडयांचे दिवस असायचे. आई गॅसवर मोठ्या पातेल्यात गव्हाचा चीक घोटत असायची आणि घरभर त्याचा आंबूस, ओलसर वास भरलेला असायचा. "अहो, जरा दमानं," ती आतून म्हणायची, "तुमच्या आवाजानं चिकाला गाठी होऊ राह्यल्या." पप्पा हसायचे, तिच्या हातून गूळ-तूप घातलेली गरम चिकाची वाटी घ्यायचे, ती संपवायचे आणि पुन्हा छाती भरून घ्यायचे. एरवी या माणसाला मोठ्यानं बोलताना मी ऐकलेलं नव्हतं. ते कारकून होते. साहेबांचा फोन आला तर घरातसुद्धा उभं राहून बोलायचे.

गर्जना हिरण्यकश्यपूची होती. वाटूरपासून आत आमचं गाव आहे. तिथं नरसिंह जयंतीला, दिवस मावळताना, देवळापुढच्या पटांगणात सोंग निघतं. देवाचं सोंग पुजाऱ्यांच्या घरात आहे, राक्षसाचं आमच्या. पण राक्षस हा शब्द गावात कुणी तोंडातून काढत नाही. त्या दिवशी पप्पांना नावानंही हाक मारत नाहीत, राजा म्हणतात. कामट्यांचा आणि रंगीत कागदांचा खांब उभा करतात, देव त्याच्या आत उभा राहून वाट बघतो. प्रल्हादाचं सोंग आमच्याकडे नाही, सगळं गावच प्रल्हाद. राजा गदा आपटून विचारतो, "कुठंय तुमचा देव?" आणि गावानं एका आवाजात सांगायचं, "खांबात हाय!" गावानं आवाज दिल्याशिवाय राजा खांबाला हात लावत नाही आणि देव बाहेर येत नाही. फक्त राजाच्या घरातून आवाज देत नाहीत. आपल्या माणसाचं मरण आपण बोलावायचं नाही, एवढंच त्याचं कारण. आई तर पटांगणात येतच नसे. गावाकडच्या आमच्या घरात त्या संध्याकाळी चूल पेटत नाही, आणि मयताच्या घरी नेतात तसा कडू घास, पिठलं-भाकरी, शेजारच्या बाया घेऊन येतात. राजा पडला की सगळं गाव चपला काढून उभं राहतं, म्हाताऱ्या पुढे होऊन त्याच्या कपाळाला कुंकू लावतात. लहानपणी मला हे इतकं सरळ वाटायचं की, बाकीच्या गावांत राक्षस मेल्यावर फटाके उडवतात हे कळलं तेव्हा मी आईला विचारलं होतं, "मग त्याच्या घरी भाकरी कोण नेतं?"

जालन्याच्या इंग्रजी शाळेत गेल्यावर असे प्रश्न विचारणं मी बंद केलं. माझ्या वर्गातल्या मुलींच्या घरी बियाण्यांच्या कंपन्या होत्या, लोखंडी सळयांचे कारखाने होते. मी फार बोलायचे नाही. न बोलण्याचा फायदा असा की उच्चार चुकत नाहीत. अकरावीच्या आसपास मला त्या काळोख्या सुपरहिरो सिनेमांचं वेड लागलं, ज्यांत शहरावर कायम रात्र असते आणि नायक हसत नाही. मोबाईलवर ते पुन्हा पुन्हा पाहायचे आणि खलनायकांबद्दल लांबलचक काहीतरी इंग्रजीतून लिहून इंटरनेटवर टाकायचे, भलत्याच नावानं. ते नाव मुलाचं होतं. परदेशातली माणसं त्याखाली लिहायची की, तुला हे कसं सुचतं? मधल्या खोलीत एक राक्षस ओरडत असायचा आणि आतल्या खोलीत, कूलरच्या घरघरीत, राक्षस कसा असावा हे मी लिहीत असायचे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं असं म्हणायला मला आवडेल. आलं होतं. म्हणून तर कूलर.

त्या वर्षी पप्पांच्या सरावात एक घाबरेपणा होता. आदल्या जयंतीला पप्पांनी गर्जना केली आणि पुढं बसलेली पोरं हसली होती. एकानं तर मोबाईलवर ती गर्जना घेऊन तिला म्हशीचं तोंड लावून सगळ्या गावात फिरवली. पप्पांचे चुलतभाऊ बापूकाका उत्सवाचं सगळं बघायचे. ते मुद्दाम बदनापूरला आले, आमरस-पोळी जेवले, हात पुसता पुसता म्हणाले, "दादा, राग मानू नका. पोरांचं म्हणणं असं आलं की राजाचा आवाज रेकॉर्डिंगचा लावू. डीजेवर. राजानं नुसतं तोंड हलवायचं."

"मंग राजा कशाला पाहिजे? बुजगावणं उभं करा," पप्पा म्हणाले.

"या साली तुम्हीच करा ना, मी कुठं न्हाई म्हनू राह्यलो? पण पुन्हा हसले तर मला कमिटीत बोलता येणार न्हाई. मंग पुढल्या सालपासून डीजे आन् कुणीतरी जवान पोरगं. बिलकुल."

बापूकाकांच्या पाठीमागं आई आमरसाची पातेली उगाचच ढवळत राहिली. पप्पांच्या आयुष्यात त्या एका संध्याकाळी लोक त्यांच्याकडं मान वर करून बघायचे, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. बाकी वर्षभर ते कुणाच्या ना कुणाच्या पुढं उभे.

त्याच आठवड्यात मला ज्या सिनेमाची ओढ लागली होती तो जालन्याला लागला, हिंदीत डब केलेला. मी आणि माझी मैत्रीण ईशा, आम्ही दोघींनीच जायचं ठरवलं होतं. आई नको म्हणाली. पप्पा म्हणाले, "मी येतो संगं. मला बी बघू दे, आजकालचा राक्षस कसा ऱ्हायतो." ईशाच्या घरची गाडी तिला सोडून गेली. पप्पा आमच्या मागच्या रांगेत बसले, मांडीवर पाण्याची बाटली आणि आईनं दिलेला धपाट्यांचा डबा घेऊन.

त्या सिनेमातला खलनायक भोंगा वाजवणारा माणूस होता. नदीला पूर आला की शहराला सावध करायचं, हे त्याचं काम. एका रात्री वरच्या लोकांनी त्याला सांगितलं, वाजवू नको, उगाच घबराट होईल. आणि खालची वस्ती, त्यात त्याची स्वतःची गल्ली, झोपेत बुडाली. आता तो शहराचा एकेक भाग बुडवतो, पण प्रत्येक वेळी आधी भोंगा वाजवतो. इतक्या वर्षांनी, सिनेमांवर लिहिणं हेच माझं पोट भरायचं काम झाल्यावर, मला त्यातली कारागिरी नीट दिसते. नायक मुखवटा घालतो, हा उघड्या तोंडानं फिरतो. नायक गुरगुरतो, हा पोस्टातल्या माणसासारखा हळू बोलतो, त्यामुळे आपणच कान पुढे करतो. तो एकदाही खोटं बोलत नाही. त्याचं दुखणं खरं असतं, फक्त त्यावरचा उपाय भयंकर असतो, आणि या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आपण काळोखात बसलेलो असतो, नायकाच्या बाजूचं तिकीट काढून मनानं पलीकडं गेलेले. त्याची भीती वाटते ती तो आपल्याहून वेगळा आहे म्हणून नाही. हे मी तेव्हाही जवळजवळ अशाच शब्दांत लिहिलं असतं. पण शेवटी भोंग्याचा मनोरा कोसळला, तो माणूस चिखलात पडला, सगळं थिएटर गप्प झालं, आणि मागून मला चपला सरकवल्याचा आवाज आला.

पप्पा उभे राहिले होते. अनवाणी, हात जोडून.

"ओ चाचा, बैठ जाव! पिक्चर बाकी है!" मागून कुणीतरी ओरडलं.

"रिश्तेदार था क्या?" दुसरा म्हणाला, आणि तो सगळा गंभीर काळोख हसण्यानं फुटला. ईशानं तोंडावर हात धरला, पण तिचे खांदे हलत होते. पप्पा लगेच खाली बसले नाहीत. पडद्यावरच्या त्या माणसाला कुणीतरी उचलेपर्यंत ते तसेच उभे राहिले, कारण आमच्याकडे तसंच करतात. मग ते वाकून, मोबाईलच्या उजेडात, खुर्चीखाली चपला शोधत राहिले. मी पडद्याकडं बघत होते. डोळे चुरचुरत होते आणि मला काहीही दिसत नव्हतं.

रेल्वेनं परत येताना ते खिडकीशी बसले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल, निदान त्यांनी काही बोलू तरी नये. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "हा माणूस एक बार बी ओरडला न्हाई. तरी ती सगळी टारगट पोरं गप बसली व्हती. कामून?"

मला असा प्रश्न समोर बसून कुणी विचारलेला नव्हता. मी बोलायला लागले आणि बदनापूर येईपर्यंत थांबलेच नाही. राक्षसानं ओरडायचं नसतं पप्पा. ज्याच्या हातात सगळं आहे तो कशाला ओरडेल? तो जागेवरून फार हलत नाही. तो खरंच विचारतो, उत्तर पाहिजे म्हणून विचारतो. आपल्या राजाचा भाऊ मारलाय देवानं, तो दुःखात आहे, हे तुमच्या तोंडावर दिसलं पाहिजे. पप्पा मान हलवत ऐकत होते, साहेबांचं ऐकतात तसं. समोरच्या बाकावरचा माणूसही ऐकत होता आणि, मला आठवतं, मला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कूलर बंद केला. मधल्या खोलीत पलंगावर बसून मी पप्पांना शिकवायला लागले. गदा आपटायची नाही, टेकवायची. डोळे फिरवायचे नाहीत. "कुठंय तुमचा देव?" हे शेजाऱ्याला पत्ता विचारावा तसं विचारायचं. त्यांनी ते शिकून घेतलं. एका दुपारी त्यांनी माझ्याकडे बघून इतक्या हळू विचारलं की माझ्या अंगावर काटा आला. आई दारात उभी होती, हाताला चीक लागलेला. ती म्हणाली, "बाई गं, हे वंगाळ हाय. ओरडायचे तेच बरं होतं."

"पण माय," पप्पा मला म्हणाले, "मागच्याला ऐकू जाईल का?"

"न जाऊ दे. लोकांनी कान पुढे करायला पाहिजेत. तेच तर पाहिजे आपल्याला."

"बराबर," ते म्हणाले. मुलीला कळतं यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

कॅमेरा माणसाच्या ओठांपर्यंत जातो, पटांगण जात नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. जयंतीच्या दिवशी ऊन उतरलं तरी जमीन तापलेली होती. डीजेचे खोके देवळाच्या भिंतीला लावून ठेवलेले, राजा फसला तर पुढल्या वर्षी कामाला येतील असे. माईक एका बांबूला बांधला होता, भजनवाल्यांच्या बाजूला. पप्पा आले. मुकुट, डोळ्यांत कानापर्यंत ओढलेलं काजळ, अंगाला हळद. दरवर्षी ते नाचत यायचे, त्या दिवशी चालत आले. पुढची पोरं क्षणभर खरंच गप्प झाली. मी बायकांच्या बाजूला उभी होते. पप्पांनी गदा टेकवली. ओठ हलले.

काही ऐकू आलं नाही.

गाव थांबलं होतं, गर्जनेची वाट बघत. पप्पांनी पुन्हा विचारलं, तितकंच हळू. मागून कुणीतरी म्हणालं, "आवाज!" पुढचं एक पोरगं म्हणालं, "राजा सायलेंटवर हाय रे!" आणि हसण्याची पहिली लाट उठली. "चार्जिंगला लावा!" "राजे, जेवले न्हाई का?" खांबाच्या आतून पुजाऱ्यांचा दिनकर, तो जड लाकडी मुखवटा घालून घामानं भिजलेला, कुजबुजला, "दादा, जल्दी करा, जीव चालला माझा," आणि ते मात्र बांबूवरच्या माईकनं बरोबर उचललं. मग तर बायकासुद्धा हसल्या. बापूकाका भजनवाल्यांशेजारी उभे होते. त्यांनी मान खाली घातली, आणि मला कळलं की डीजेचं ठरलं.

पप्पांनी ओरडायला पाहिजे होतं. त्यांच्या छातीत तो आवाज होता, सगळ्या कॉलनीनं ऐकलेला. पण मी सांगितलं होतं ओरडायचं नाही, म्हणून ते ओरडले नाहीत. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, तरी तिसऱ्यांदाही त्यांनी हळूच विचारलं, आणि मग त्यांची नजर बायकांच्या बाजूला मला शोधायला लागली. आता काय करू, असं विचारणारी नजर.

मी वर्गात हजेरीला सुद्धा नीट आवाज न देणारी मुलगी. माझ्या तोंडून निघालं, "खांबात हाय!"

आवाज चिरका होता आणि फार मोठा होता. हसणं एकदम थांबलं. माझ्या शेजारची बाई माझ्यापासून बाजूला सरकली. राजाच्या घरातून आवाज आला होता, हे समजायला गावाला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ पटांगणात भजनाच्या टाळांचीही किणकिण नव्हती. पप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून मी शिकवलेलं सगळं निघून गेलं. त्यांनी विचारलं, "कुठंय?" घरात चष्मा सापडत नसला की विचारतात तसं, आणि त्या शांततेत ते शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. मी हात उचलून खांब दाखवला.

ते वळले आणि खांबापर्यंत गेले. दिनकर कागद फाडून बाहेर आला. दरवर्षी पप्पा गडगडाटी हसून देवाच्या मांडीवर पडायचे. त्या दिवशी त्यांनी देवाचं मनगट धरलं. सोडलंच नाही. दिनकरनं त्यांना ओढलं तेव्हा त्यांचा मुकुट पडला आणि विरळ केस दिसले, आणि म्हाताऱ्या मोठ्यानं रडायला लागल्या. पुढची पोरं मोबाईल खाली करून बसली होती. सगळं गाव चपला काढून उभं राहिलं. आणि मी, जिनं हे केलं होतं ती, त्या सगळ्यांचा रोखलेला श्वास माझ्या मुठीत असल्यासारखी उभी होते. मला ते आवडलं होतं. हे वाक्य लिहिता लिहिता आज माझी सकाळची संध्याकाळ झाली.

घरी शेजारणी भाकरी घेऊन माझ्याआधी पोचल्या होत्या, त्यामुळं आईला सांगायचं काही उरलं नव्हतं. तिनं मला मारलं नाही, रागावलीही नाही. ओसरीवर बसल्या जागी म्हणाली, "दुसऱ्या कुणालाबी देऊ द्यायचा होतास आवाज. तू न्हाई." पप्पा आंघोळ करून ओल्या अंगानं आले. त्यांच्या मागोमाग बापूकाका, खुशीत.

"दादा! बास! असा राजा ह्या गावानं पाह्यला न्हाई. पोट्टे रडू राह्यले. डीजे कॅन्सल. आन् पुढल्या साली पोरीलाच आवाज द्यायला लावायचा, काय?"

पप्पा टॉवेलनं मान पुसत होते. "पुढल्या साली दुसरा राजा बघा, बापू."

"अरं! कामून? आज तर जिंकलात तुम्ही."

"व्हय." ते खाली बसले. "इतकी वर्षं हसत मेलो. आज मला मरावं वाटलं न्हाई. तसा राजा चालत न्हाई. देवाला जिंकायला जागा द्यावी लागते."

बापूकाका हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पाणी न पिताच उठले. पप्पांनी पुन्हा सोंग घेतलं नाही.

काजळ साबणानं निघालं नव्हतं. आईनं खोबरेल तेलाची वाटी आणि जुन्या धोतराचा तुकडा माझ्या हातात दिला आणि ती आत गेली. मी पप्पांसमोर बसले. त्यांनी डोळे मिटले, तोंड वर केलं. पापणीच्या कडेकडेनं मी तेल लावत गेले, काळं पुसत गेले. इतक्या जवळून मी त्यांचा चेहरा पाहिला नव्हता. मनात कितीतरी वाक्यं होती, मराठीत. डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "माय, तुझ्या हिशोबानं बराबर झालं का? त्या पिक्चरातल्यावाणी?"

ते खरंच विचारत होते. उत्तर पाहिजे म्हणून.

"त्याच्याहून चांगलं झालं पप्पा," मी म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच मान हलवली आणि दुसरा डोळा माझ्या हाताकडे केला.